इंजिनाचा बेंदूर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थाने वडिलांना सांगितलं होतं, "पोरीच्या सासरी रेल्वे हाय." वडील एवढ्यावरच निम्मे पाघळले. आमचं माहेर कुंडलच्या अंगाला, उसाच्या मुलखात. रेल्वे आहे म्हणजे पोरगी वर्षातून दोनदा जास्त माहेरी येईल, असा त्यांचा सरळ विचार. लग्नानंतर मी आटपाडीच्या पलीकडच्या त्या गावात एसटीतून उतरले आणि पाहते तर रेल्वे खरंच होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. गावाजवळच्या खाणीपासून निघायची, मधली खिंड चढायची, पलीकडे उतरून तलावाच्या बांधापाशी थांबायची. पुढे रूळच नव्हते. आणि मी गेले तेव्हा तर ती एवढीसुद्धा चालत नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात तिथे तलावाचं काम निघालं होतं. खाणीतला दगड खिंडीपलीकडे न्यायचा, म्हणून ठेकेदाराने कुठल्याशा साखर कारखान्याची ऊस वाहायची जुनी गाडी उचलून आणली. एक बुटकं इंजिन, मागे चार उघडे डबे, आणि रूळ इतके जवळजवळ की मधे म्हैस आडवी बसली तर दोन्ही बाजूंनी बाहेर उरेल. इंजिन कानडी मुलखातलं होतं. त्याच्याबरोबर आलेला ड्रायव्हर आमच्याकडचं ऊन बघून आठ दिवसांत पळाला. तेव्हा माझे सासरे पुढे झाले. त्यांना मी मामंजी म्हणत असे. तरुणपणी लष्करात असताना ते परमुलखात इंजिनात कोळसा मारायचं काम करत. "त्यात काय, मी चालीवतो की," म्हणाले आणि चढले.

दुष्काळात सगळा मुलूख आभाळाकडे बघून रडत होता आणि हा एक माणूस रोज संध्याकाळी कोळशाने तोंड काळं करून हसत घरी यायचा. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, ते कधी विसरता आलं नाही. "लोकांच्या चुली इझल्या आणि ह्येंची पेटली," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्या स्वतः त्याच कामावर खडी फोडायला होत्या. नवरा इंजिनात, बायको खडीवर. डब्यात बसायची त्यांना कधी परवानगी नव्हती. डबे दगडासाठी होते.

पाऊस झाला, काम संपलं, ठेकेदार गेला. डबे आणि इंजिन बाभळीखाली राहिले आणि मामंजी कुणी न सांगताच त्यांचे राखणदार झाले. रोज सकाळी चहा घेऊन निघायचे, इंजिन पुसायचे, सांध्यांत तेल घालायचे, आणि परत यायचे. आमची म्हैस आठवड्यातून एकदा धुतली जायची, इंजिन रोज. मला आधी त्याचा फार संताप यायचा. आमचे हे पलटणीत, घरात कामाला मी आणि आत्याबाई, आणि घरातला धडधाकट गडी बाभळीखाली लोखंड कुरवाळत बसलेला. एकदा मी बोललेसुद्धा, "मामंजी, त्येला काय गाभण जायचंय का आता?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, मला फकस्त आणिक येकदा ती खिंड चढवायची हाय. मोकळ्या डब्यानं का हुईना. मग न्हेऊ देत भंगारात, मला बी त्येच्यासंगट न्हेऊ देत."

एवढ्या साध्या गोष्टीवर कुणाचा जीव अडकलेला असला, की त्याची थट्टा करता येत नाही. मी केली, पण कमी केली.

आणि मग खरोखरच भंगाराची भाषा सुरू झाली. दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. रूळ उचलून न्यायला माणसं येणार असं कळलं. गाव एकदम जागं झालं. तोवर त्या रुळांवर लोक वाळवणं घालत, शेळ्या बांधत; पण नेणार म्हटल्यावर ती "आमची रेल्वे" झाली. "कवठे महांकाळवरनं बारकी गाडी जाती म्हणून त्या लोकांचा केवढा ताठा," सरपंच म्हणाले, "आणि आपुन घरातली गाडी घालवायची व्हय?" माणसं सांगलीला गेली. तिथे एक नवे साहेब आले होते, त्यांना जुन्या वस्तू जपायची हौस. साहेब म्हणाले, परदेशात असे छोटे रूळ मुद्दाम राखतात, त्यावर जुन्या गाड्या चालवून शाळेची मुलं फिरवतात. तुमची गाडी चालत असेल तर मी येऊन बघतो. चालली तर रूळ राहतील. नाही चालली तर मात्र लोखंड ते लोखंड.

तारीख गावाने ठरवायची होती. चावडीपुढे सगळे बसले. पेरण्या आटोपलेल्या हव्यात, माणसं घरी हवीत, साहेबाला गोडधोड खाऊ घालता यायला हवं, गाव सजलेलं दिसायला हवं. असा दिवस कुठला? सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं, "बेंदूर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजींनी डोलावली, मीही डोलावली. बेंदूर हा बैलांच्या विसाव्याचा दिवस. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इंजिनाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं त्या चावडीपुढे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मामंजींनी कुठून कुठून कोळसा जमवला. लोहाराकडून थोडा, मिरजेच्या एका ओळखीच्या माणसाकडून पोतंभर. आठवडाभर आधी त्यांनी इंजिन जागच्या जागी पेटवून बघितलं. वाफ धरली. त्या रात्री ते भाकरी खाताना मधेच हसायचे, आणि आत्याबाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, त्यांना हळद आणि तेल चोळतात, आणि दुसऱ्या दिवसाचं आवतण देतात. आमच्या बैलांचं झाल्यावर आत्याबाईंनी हळदीची वाटी उचलली आणि चालू लागल्या. मला वाटलं शेजारी चालल्या. त्या बाभळीकडे गेल्या. मागून चार बायका, मग आणखी दहा. इंजिनाला खांदा कुठे असतो यावर थोडा वाद झाला. एकीचं म्हणणं चाकाच्या वर, दुसरीचं म्हणणं धुराड्याखाली. आत्याबाईंनी निकाल दिला, "जिथं डबं अडकिवत्यात तिथं. वझं तिथंच येतंय." आणि तिथे, त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना, त्यांनी हळद-तेल चोळलं. चांगलं जोर लावून, बैलाला चोळतात तसं. मग हात जोडून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मला हसू आवरेना. त्या वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यो नसता तर ती खडी आमच्या डोस्क्यावरनं गेली असती, पोरी. समदी खिंड चढून." माझं हसू तिथल्या तिथे जिरलं. मी उसाच्या मुलखातली. दुष्काळात माझ्या डोक्यावर कुणी साधी घागर दिली नव्हती.

मामंजींना हा प्रकार कळला तेव्हा ते खूशच झाले. आपल्या इंजिनाचा मान झाला म्हणून. पुढचं त्यांना दिसलंच नाही.

सकाळी ते कोळसा घेऊन बाभळीपाशी गेले तर इंजिनाला झूल घातलेली. धुराड्याला फुगे, बाजूंना तांबडा हिंगूळ फासलेला, आणि पुढ्यात ताटात पुरणपोळी. रुळांवर आत्याबाई आणि बायका मांडी घालून बसलेल्या.

"सरका गं," मामंजी म्हणाले. "पेटवायला टाइम लागतोय."

"आज पेटवायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आज बेंदूर हाय. आवतण दिलंय त्येला. आवतण दिऊन जुंपायचं व्हय?"

मामंजी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही थट्टा नव्हे. "आवं, सायब येतोय! आज चाललं न्हाई तर रूळ उचलून न्हेत्याल!"

"त्ये मला बी कळतंय. पर आज जू न्हाई म्हंजे न्हाई."

अर्धं गाव जमा झालं. मला वाटलं आता कुणीतरी शहाणा माणूस म्हणेल, अहो, हे लोखंड आहे. मी वाट बघत राहिले. एकही माणूस असं म्हणाला नाही. उलट म्हातारी माणसं खाली बसली आणि प्रश्नाचा कीस काढू लागली. एक म्हणाला, बेंदराला औत धरलं तर वर्षभर त्या घरात बरकत राहत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. दुसरा म्हणाला, पण इंजिन औत ओढत नाही, डबे ओढतं. तिसरा म्हणाला, गाडीचा बैल का बैल नव्हे?

तेव्हा मामंजींना एक मुद्दा सुचला, आणि आजही मला त्यांचं कौतुक वाटतं. आमच्या भागात बेंदूर दोन असतात. कानडी बेंदूर ज्येष्ठात, आपला आषाढात. मामंजी उठून उभे राहिले. "ह्ये इंजान कानडी मुलखातलं हाय का न्हाई? हाय. मग त्येचा बेंदूर म्हैन्यामागंच झाला! आज त्येला कामाचा दिस हाय!"

गर्दीत कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. मामंजींनी कोळशाच्या पाटीला हातही घातला.

आत्याबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "झाला म्हंता? मग तवा त्येला पुरणपोळी कुणी घातली?"

कुणीच घातली नव्हती. मामंजींचा हात पाटीवरच राहिला. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला आत्याबाईंचा पहिल्यांदा खरा राग आला. एवढं एकच मागणं उरलेला माणूस आणि पुढ्यात ताटातली पोळी, आणि पोळी जिंकली होती.

वाट काढली सरपंचांनी. बैलांना बेंदराला जुंपत नाहीत, पण मिरवतात तर! मिरवणुकीत बैल काही ओढत नाही, उलट माणसंच त्याला कासऱ्याने पुढे नेतात. तर आज इंजिनाचीही मिरवणूक काढायची. माणसांनी दोर लावून न्यायचं, खिंडीवरून तलावापर्यंत. इंजिनाने फक्त चालायचं. बैलांना हात लावायचा नाही, त्यांचा सण आहे. माणसांना काय, माणसांचा सण नव्हता.

जीप आली ती हलगीच्या कडकडाटातच. साहेब किडकिडीत, डोक्यावर टोपी, स्वभावाने भला माणूस. झूल घातलेल्या इंजिनाभोवती ते एक फेरी मारून आले. त्यांना आधी जेवायला बसवलं. मग पहिल्या डब्यात खुर्ची ठेवून त्यावर बसवलं, आणि अकरावी झालेली, शुद्ध बोलणारी सून म्हणून मला शेजारी उभं केलं. गावातला उभा-आडवा प्रत्येक माणूस दोराला लागला. साहेबांनी मान वळवून विचारलं, "इंजिन बंद पडलंय का?"

"नाही साहेब. चालू आहे."

"मग ही माणसं का ओढतायत?"

"आज त्याला सुट्टी आहे," मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

गाडी हलली. माणसं "चांगभलं" म्हणत झुकायची आणि गाडी हातभर सरकायची. चढावर माणसांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. साहेबांचा पाय अवघडला, पण उतरायला कुणी देईना. उतरलेला पाहुणा म्हणजे मिरवणुकीचा अपमान. पुढे इंजिनात मामंजी थंड भट्टीपाशी उभे होते. हात दांड्यावर, तोंड समोर. चालवत असल्यासारखे ते उभे होते आणि काहीही चालवत नव्हते. मला ते बघवेना, म्हणून मी साहेबांना आजूबाजूच्या माळाची माहिती सांगत राहिले. त्या माळावर सांगण्यासारखं काही नाही.

खिंडीच्या माथ्यावर दोर सैल पडला आणि मग सगळं आपोआप झालं. पुढे उतार होता. इंजिन स्वतःहून निघालं. दोर धरलेली माणसं बाजूला उड्या टाकून ओरडू लागली, हलगीवाला हलगी वाजवत मागे पळत सुटला, साहेबांनी एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने मला धरलं. मी खुर्ची धरली. फुगे फुटत होते. झूल उडून कुणाच्या तरी अंगावर पडली. मामंजी ब्रेक लावतील म्हणून मी वाट बघत होते आणि ते लावत नव्हते. मागून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती ताठ झालेली पाठ सांगत होती की हा माणूस आत्ता कुणाचं ऐकणार नाही. शेवटी बांध समोर आला तेव्हा त्यांनी ब्रेकचं चाक फिरवलं आणि गाडी रूळ संपायच्या जरा आधी, किंचाळत, थांबली.

साहेब खाली उतरले. त्यांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "अहो, ही तर विस्तवाशिवाय चालते!" ते म्हणाले. त्यांना मधली भानगड कुणी सांगितली नाही. त्यांनी तिथेच निर्णय दिला. रूळ राहतील, इंजिन राहील. दर बेंदराला गावाने अशीच मिरवणूक काढावी, अशी प्रथा आपण जगात कुठे ऐकली नाही. प्रथा म्हणजे ती त्या दिवशी सकाळीच निघालेली. फक्त एक अट: एवढा जुना बॉयलर, पुढेमागे फुटला तर माणसं मरतील. तेव्हा यापुढे इंजिनात विस्तव घालायचा नाही, कधीच. लेखी हुकूम येईल.

गावाने साहेबांना खांद्यावर घेतलं. मामंजी इंजिनातून खालीच उतरले नाहीत. त्यांचे रूळ वाचले होते, इंजिन वाचलं होतं, आणि त्यांच्या हातून ते कायमचं गेलं होतं. त्या दिवशी कुणावर रागवायचं हेच मला कळेना. साहेब चुकीचं बोलले नव्हते, आत्याबाई पापी नव्हत्या, आणि सणाचं म्हणाल तर तारखेला मान मीही डोलावली होती.

घरी आल्यावर मामंजी जेवले नाहीत. आत्याबाईंनी ताट दोनदा पुढे केलं. ते म्हणाले, "तुमी खावा. मिरवणूक चांगली झाली." बस्स, एवढंच. ते भांडले असते तर आत्याबाईंना बरं वाटलं असतं. भांडणात त्या कधी हरल्या नव्हत्या. त्या ताट तसंच झाकून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि बराच वेळ पदराची घडी घालत-उलगडत राहिल्या. "त्या हुकमाचा कागद कवा यील गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरकारी कागद आहे, सावकाश येईल.

तो कागद पुढे आला, आणि आजही गाव तो पाळतं. दर बेंदराला माणसं इंजिन ओढतात, सांगलीहून शाळेची पोरं बघायला येतात, आणि विस्तव घालत नाहीत. पण बेंदराची दुसरी सकाळ कागदाच्या आधी आली.

दिवस उगवला तशी आत्याबाईंनी मामंजींच्या अंगावरचं घोंगडं ओढलं. "उठा. बेंदूर झाला. आज जुंपायला हरकत न्हाई." डोक्यावर शेण्यांची पाटी घेऊन त्या पुढे निघाल्या, विस्तव धरायला. मामंजी मागे. इंजिन तलावापाशीच होतं, कोळसा कालचा तसाच शिल्लक. मी पाण्याच्या घागरी भरून दिल्या. ऊन चांगलं तापेपर्यंत वाफ धरत होती, आणि तोवर दोघं एकमेकांशी फक्त कोळशाचं बोलत होते. मग मामंजींनी दांडा ओढला. इंजिनाने मोठा सुस्कारा टाकला, चाकं जागीच फिरली, पुन्हा फिरली, आणि गाडी उलटी खिंडीकडे चढू लागली. आत्याबाई आत, मामंजींच्या शेजारी. मी डब्यात. माळावर जनावरं चारणारी माणसं काठ्या टाकून बघत उभी राहिली.

माथ्यावर मामंजींनी गाडी थांबवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि कोळशाच्या काळ्या गालांवर त्याच्या रेघा उठल्या होत्या. वर एक साखळी लोंबत होती. "वढा," ते आत्याबाईंना म्हणाले.

आत्याबाईंनी ओढली. शिट्टी सगळ्या माळावर घुमली. खाली गावात माणसं घराबाहेर आली, लहान दिसत होती. आत्याबाईंनी साखळी सोडली नाही.

"आवं सोडा आता," मामंजी म्हणाले. "वाफ संपंल समदी."

"संपू दे," आत्याबाई म्हणाल्या, आणि शिट्टी बारीक होत होत थांबेपर्यंत त्यांनी साखळी ओढून धरली.